पाला वाडीचा, बाटली कुणाची?

आमच्या आत्याची सगळी नोकरी रायगड जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर गेली. लसीकरण, बाळंतपणं, कुटुंबनियोजनाचं टार्गेट, मलेरियासाठी घ्यायच्या रक्ताच्या काचा, सगळं करून ती निवृत्त झाली. आता ती कर्जतकडच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर बायकांना परसातल्या आणि बांधावरच्या झाडपाल्याची औषधं करायला शिकवते. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, अन्न व औषध प्रशासनात औषध निरीक्षक आहे. औषध वेळेवर पोचत नाही हे तिने जन्मभर पाहिलं. पोचलेलं औषध खोटं निघतं हे तो रोज पाहतो. यंदा एका वाडीतल्या बचतगटाने अडुळशाचं सिरप केलं आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात ते विकायचा घाट घातला. नमुन्याची बाटली आत्याने कौतुकाने दादासमोर ठेवली. पुढचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देते आहे. भावकीतली जुनी उणीदुणी तेवढी गाळली. ती दोन्हीकडून निघाली होती.

दादा : यात काय काय आहे?

आत्या : अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमध, गूळ. पानं वाफवून रस काढलाय. नुसती वाटली तर अडुळशाला रस सुटत नाही, हे तुला ठाऊक नसेल.

दादा : नव्हतं. पण पाक कच्चा राहिलाय हे दिसतंय. बाटली तिरकी केली की पाण्यासारखा धावतोय. आठ दिवसांत आंबेल, झाकण उडेल. आणि लेबलवर हे काय? "खोकला, दमा, क्षय यांवर गुणकारी"?

आत्या : क्षय खोडायला सांगितलंय मी. पोरीने कुठल्याशा पुस्तकातून उतरवलं.

दादा : १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. क्षय त्याच्या यादीत आहे, जाहिरातीत त्याचं नाव घेतलं तरी गुन्हा. पण कायदा बाजूला ठेव. क्षयाचा माणूस हे सिरप दोन महिने पीत बसला तर?

आत्या : म्हणूनच माझा पहिला धडा औषधाचा नसतोच. कुणाला द्यायचं नाही, हा असतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायला पाठवायचं. पोटुशी बाईला अडुळसा नाही. वर्षाच्या आतल्या पोराला मध नाही. भातलावणीच्या दिवसांत ताप आणि डोळे पिवळे, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचं नाही, लेप्टो असू शकतो, त्याच दिवशी आरोग्य केंद्र. हे सगळं तोंडपाठ झाल्याशिवाय मी चूल पेटवू देत नाही.

दादा : पोटुशीला का नाही, ते सांगतेस?

आत्या : गर्भाशय आवळतं म्हणून.

दादा : व्हॅसिसिनमुळे. अडुळशाच्या पानातला मुख्य घटक तोच. त्याच्याच रचनेवर बेतून ब्रोमहेक्झिन केलं, आणि ते शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते अँब्रॉक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या निम्म्या सिरपांत या दोघांपैकी एक असतं.

आत्या : म्हणजे तुझ्या मेडिकलच्या फळीवरसुद्धा अडुळसाच बसलाय की!

दादा : बसलाय, पण पाच मिलीत किती मिलिग्रॅम ते सांगून बसलाय. तुझ्या बाटलीत किती?

इथे आत्याने विषय बदलायचा प्रयत्न केला. तसं पाहिलं तर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते मिलिग्रॅममध्ये नव्हतं. एकदा मी तिच्या वर्गाला जाऊन बसले होते. त्या दिवशी निर्गुडीचं तेल होतं. प्रमाण जुन्या ग्रंथांतलंच: एक वाटी वाटलेला कल्क, चार वाट्या तिळाचं तेल, सोळा वाट्या निर्गुडीचा काढा. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ढवळत राहायचं. झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही. आत्याने कढईतला चिमूटभर कल्क काढून एका तरुण सुनेच्या हातावर ठेवला. तिने तो अंगठा आणि तर्जनीत वळला. वात झाली, पण विस्तवावर धरल्यावर चटचटली. म्हणजे आत पाणी आहे. पुन्हा ढवळणं. थोड्या वेळाने दुसरी वात, ती मुकाट जळली, आणि तेवढ्यात तेलावर फेसही आला. "आता उतरवा," आत्या म्हणाली, "आणखी ठेवलंत तर करपेल, मग गुडघ्याला नाही, दाराच्या कडीला लावा." बायका हसल्या. मला ती वात आठवते ती तिच्या अचूकपणामुळे. पाणी राहिलेलं तेल खवट होतं, बुरशी धरतं. ते ओळखायची ही परीक्षा प्रयोगशाळेविना चालते. पण ती तेल नीट कढलं का एवढंच सांगते. गुडघा का दुखतोय हे तिला ठाऊक नसतं.

आत्या : माप नाही म्हणतोस, पण तू स्वतः मापावरच वाढलास. तुझी आई सहाणेवर बाळगुटी उगाळायची. वेखंडाचा एक वळसा, जायफळाचा अर्धा, हळकुंड, मुरुडशेंग, सुंठ, हिरडा. महिना वाढला की वळसा वाढवायचा. तोच डोस.

दादा : आणि गावात हिंडून गुटी बंद करा म्हणून कोण सांगायचं?

आत्या : मीच.

दादा : का?

आत्या : सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सहाण धुतलेली नसते, हात नसतात, पोराला जुलाब. शिवाय जायफळ जास्त झालं की पोर पेंगतं आणि आईला वाटतं, बरं, शांत झोपलं.

दादा : आणि वेखंडात बीटा-ॲसारोन आहे. उंदरांना वेखंडाचं तेल खायला घालून आतड्यात गाठी आल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. वळसे मोजणारी माझी आई हुशारच होती, पण काय मोजतोय हे तिला माहीत नव्हतं.

आत्या : मग मी काय म्हणते? गुटी मीच थांबवली ना? ज्या बाईला पाला येतो तिचंच ऐकतात रे. बाहेरून आलेला डॉक्टर गुटी बंद करा म्हणाला की बायका मान हलवतात आणि घरी जाऊन उगाळतात. मी म्हटलं तर बंद करतात, कारण मी अडुळसा पण सांगते.

हा मुद्दा दादाला थोडा लागला. तो गप्प बसला, आणि मग त्याने विंचू काढला. आमच्या घरी रायगडच्या माणसांशी वाद घालताना विंचू काढला की जिंकता येतं असा समज आहे.

दादा : महाडला लाल विंचू चावलेली पोरं यायची, तेव्हा तू तिकडेच होतीस.

आत्या : होते. मंत्र झालेला असायचा, दंशावर पाला बांधलेला असायचा, हातपाय गार, घामाने भिजलेले, तोंडाला फेस. येईपर्यंत छातीत पाणी झालेलं असायचं.

दादा : आणि बरं झालं ते प्राझोसिनने. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बिरवाडीसारख्या ठिकाणी बसून ते दाखवून दिलं, १९८६ मध्ये लॅन्सेटने छापलं. रक्तदाबाची साधी गोळी. तिच्या आड काय येत होतं? पाला. वेळ पाल्यात जायचा.

आत्या : मी कुठे नाही म्हणते? विंचू, साप, फेफरं, बाळंतिणीचा ताप, पोराची धाप, यांना झाडपाला नाही हे मी भिंतीवर लिहून घेते. पण खरूज? त्याला करंजाचं तेल लावतात. म्हाताऱ्यांची कंबर? साधा खोकला? हगवणीत लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ? त्याला झाड लागत नाही, पण मी तेही त्याच वर्गात शिकवते. एस्टी दिवसातून दोनदा येते तिथे एवढं घरात असायला नको?

दादा : शिकवू नकोस असं मी म्हणतच नाहीये.

आत्या : अरे, मघापासून तेच तर म्हणतोयस! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांनी गावातल्या बायांना तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं, इंजेक्शन द्यायला शिकवलं. तेव्हाही तुझ्यासारखे म्हणाले असतील की अडाणी बाईच्या हातात सुई देता? १९९९ मध्ये आकडे आले. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

दादा : मला हेच उदाहरण हवं होतं. त्या बाईच्या हातात जेंटामायसिन होतं. प्रत्येक कुपीत सारखंच. तिला शिकायचं होतं ते बाळ बघायला. तुझ्या बाईला बाळही बघायचंय आणि कुपीत काय आलंय तेही. पावसाळ्यातलं पान वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं, सावलीतलं वेगळं. आफ्रिकेत काही संस्था गावोगाव आर्टेमिसिया लावून मलेरियासाठी त्याचा चहा करायला शिकवतात. हेतू चांगलाच. त्याच झाडातून तू योयो बाईंनी आर्टेमिसिनिन काढलं, २०१५ मध्ये नोबेल मिळालं. तरी २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की पाल्याचा चहा किंवा भुकटी मलेरियावर वापरू नका. प्रत्येक पेल्यात किती उतरतं ते कळत नाही. कमी पडलं तर रोगी दगावेल, आणि अर्धवट डोसाला सरावलेला जंतू उरलेल्या औषधालाही दाद देणार नाही.

आत्या : मलेरियाला मी कधी पाला दिला नाही. काच काढायची, गोळ्या द्यायच्या.

दादा : तू नाही दिलास. तुझ्याकडून शिकलेली बाई देईल, तिच्याकडून शिकलेली तर नक्की देईल.

मला दादाचं सगळ्यात जड वाटलेलं वाक्य हेच. वनौषधींच्या प्रशिक्षणाच्या बातम्यांत हार-तुरे असतात, रोपवाटप असतं, किती महिलांनी लाभ घेतला हे असतं. तिसऱ्या हाताला काय पोचलं, हे कुणी बघायला जात नाही. गुळवेलीचं उदाहरण ताजंच आहे. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली घराघरांत काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांमधून ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल निर्धोक आहे, लोकांनी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली असावी. मंत्रालयाचं खरं धरलं तरी प्रश्न सुटत नाहीच: वेल ओळखायची कुणी?

आत्या : ओळखायची आम्ही! शहरातल्या माणसाने कुंपणावरची वेल तोडली आणि महिनोन् महिने प्यायला, त्याचं खापर वाडीवर कशाला? माझ्या वर्गातली कातकरी बाई साल नखाने सोलते, आत हिरवं दिसलं पाहिजे. आडवं कापलं की गाडीच्या चाकासारखे आरे दिसले पाहिजेत. पानाला खालून लव असली तर ती टाकून देते, ती दुसरी जात. आणि सात दिवसांच्या वर कुणालाही काही द्यायचं नाही. सात दिवसांत गुण नाही तर आरोग्य केंद्र.

दादा : हे सात दिवस बाटलीवर लिहिलेत?

आत्या : बाटली घेणाऱ्याला सांगणार.

दादा : प्रदर्शनात? दादरच्या बाईला? गर्दीत?

आत्या गप्प. मग एकदम उसळली.

आत्या : तुमच्या बाटल्यांवर सगळं लिहिलेलं असतं ना? परवाना, क्रमांक, तारीख? मग २०२५ मध्ये छिंदवाड्याला खोकल्याचं औषध पिऊन वीसच्या वर पोरं कशी गेली? कारखान्याला परवाना होता ना?

दादा : होता.

आत्या : आणि मुंबईत, जे. जे. ला?

दादा : १९८६. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल. चौदा माणसं. लेंटिन आयोगाने आमच्या खात्याची सालटी काढली, तेव्हा मी शाळेत होतो. आम्हाला आजही तो अहवाल ऐकवतात. छिंदवाड्यालाही तेच विष. आत्या, मी कारखान्यांची वकिली करत नाहीये. पण छिंदवाड्याला ते सापडलं कसं? बॅच नंबर होता म्हणून. कुठल्या कारखान्यातून निघालं, कुठल्या दुकानात गेलं, उरलेलं कुठे आहे, सगळं मागे जाऊन उचलता आलं. उशिरा, पण आलं. तुझ्या बाटलीने उद्या कुणाला त्रास झाला तर मी कुठल्या टोकापासून सुरुवात करू?

आत्या : माझ्या दारापासून. वाडीत ज्या बाईने काढा उकळला ती तीन घरं सोडून राहते. पोराला उलटी झाली तर रात्री तिच्या दारावर थाप पडते. तिला सगळ्यांच्या लग्नाकार्याला तोंड दाखवायचं असतं. तुझ्या कारखानदाराला छिंदवाडा नकाशात तरी सापडला असता का?

दादा : वाडीत ते खरं आहे. बाटली मुंबईच्या गाडीत बसली की कुणाचं दार वाजवणार?

माझ्या मते या दोन उत्तरांमध्ये सगळा वाद मिटायला हरकत नव्हती. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या झाडाचं ओळखीच्या दुखण्यासाठी केलेलं औषध ही एक गोष्ट. तेच औषध अनोळखी माणसाला विकणं ही वेगळीच. पहिलीत आत्याचा सात दिवसांचा नियम पुरतो, दुसरीत दादाचा बॅच नंबर लागतो. गंमत म्हणजे कायदाही जवळपास हेच म्हणतो. पण आमच्या घरात वाद मिटत नाहीत.

दादा : १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषधांचं वेगळं प्रकरण आहे. विक्रीसाठी किंवा वाटपासाठी करायचं तर परवाना. वाटप धरून, बरं का. फुकट दिलंस म्हणून सुटत नाहीस. वैद्य आणि हकीम स्वतःच्या रोग्यांपुरतं करत असतील तर त्यांना सूट. घरात स्वतःपुरतं केलेल्या काढ्याच्या वाटेला कायदा जात नाही. मग तू शिकव ना, खुशाल शिकव. निर्गुडी शिकव, करंज शिकव.

आत्या : आणि बायकांनी पैसे कशाचे मिळवायचे? नुसतं आरोग्य-आरोग्य ऐकायला कोण येतं रे वर्गाला? मजुरी बुडवून येतात.

दादा : आवळा कँडी करा. ती अन्नात मोडते, नोंदणी सोपी आहे.

आत्या : कँडी सगळेच करतात. सरसमध्ये दर चौथ्या स्टॉलवर कँडी.

दादा : मग परवाना काढा. बाराशे चौरस फूट जागा, वेगवेगळे कप्पे, शिकलेला तांत्रिक माणूस, नोंदवह्या.

आत्या : बाराशे फूट! वाडीतली दहा घरं जोडली तर होतील.

दादा : नाहीतर लोन लायसन्स. परवाना गटाच्या नावावर, माल दुसऱ्याच्या मान्यताप्राप्त कारखान्यात तयार. किंवा सरळ वाळलेला पाला कारखान्याला विका. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल विकलीच ना मोठ्या कंपन्यांना?

आत्या : विकली, चांगलं केलं. पण यात आमचं काय राहिलं? पाला तोडायचा, वाळवायचा, पोत्यात भरायचा. ओळखणारी बाई मजूर झाली आणि औषध करणारा दुसराच. शिवाय एकदा कंपनीची मागणी लागली की झाडाचं काय होतं ते बघ. नरक्याचं काय झालं? कॅन्सरच्या औषधाला लागतो म्हणून सह्याद्रीतून ट्रकने गेला. कुड्याची साल तर बायका आत्ताच खोडाभोवती पूर्ण काढतात, झाड उभं वाळतं. मी त्यांना फांदीची काढायला शिकवतेय, खोडाची नाही. घरापुरतं लागतं तोवर फांदी पुरते. पोतं भरायचं ठरलं की खोडच लागणार.

दादा : मग परसात लावा. अडुळसा काडी खोचली तरी येतो, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत.

आत्या : अडुळसा येईल. कुड्याला वर्षं लागतात. तोवर?

दादाकडे याचं उत्तर नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. त्याने बाटली पुन्हा उजेडात धरली.

दादा : हे मी पाहिलं नाही असं समज. पण सरसला नेऊ नका. लेबल छापायला दिलं असेल तर थांबव.

आत्या : थांबवते. पण वर्ग चालूच राहणार. या महिन्यात वाळवण घ्यायचंय. सावलीत, चाळणीवर, एकेरी थरात, काडी कट्कन मोडेपर्यंत. तू ये एक दिवस. कोणत्या दुखण्यात काय देऊ नये, ते निरीक्षकसाहेबांच्या तोंडून ऐकलं तर बायका जास्त ऐकतील.

दादा : खात्यातर्फे येता येणार नाही. रजा टाकून येईन. आणि आभाळ भरलंय, या दिवसांत पाला वाळवायला काढू नका, बुरशी धरेल. हे सांग त्यांना.

आत्या : हे गेल्या श्रावणात मीच तुला सांगितलं होतं. तुझ्या गच्चीवरच्या तुळशीला काय झालं होतं, विसरलास?